सामाईक संगणकाची वहिवाट : आयुकाच्या इतिहासाची एक बाजू

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की कोनशिला, उद्घाटने, संचालकांची नावे आणि यंत्रसामग्रीची यादी आपोआप पुढे येते. पुण्याच्या आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचा, म्हणजे आयुकाचा, असा इतिहास अर्ध्या पानात सांगता येईल. १९८८ साली स्थापना, २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते लोकार्पण, २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीला दोन मीटर व्यासाची दुर्बीण, २०१५ साली ॲस्ट्रोसॅट उपग्रहात सहभाग, २०१६ साली जाहीर झालेल्या गुरुत्वीय लहरींच्या शोधात वाटा. यातले सगळे खरे असले तरी ही संस्था देशातल्या इतर संशोधनसंस्थांहून वेगळी का, हे या यादीतून कळत नाही. दुर्बिणी, संगणक आणि नामवंत शास्त्रज्ञ इतरांकडेही होते. माझे म्हणणे असे की आयुकाचे मुख्य काम यंत्रे बाळगण्याचे नव्हतेच. सामाईक साधनापर्यंत विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या माणसांना नेऊन पोहोचवणे आणि ते त्यांच्या हाताला बसेपर्यंत सोबत राहणे, हे तिचे मुख्य काम. सातबाऱ्यावर विहिरीत हिस्सा लागलेला असतो, पण विहिरीपर्यंत जायला वहिवाट नसेल तर त्या हिश्श्यावर वाफाभर गहूही भिजत नाही. सामाईक संगणकाचे नेमके हेच होते, आणि आयुकाची साडेतीन दशके म्हणजे मुख्यतः ही वहिवाट पाडण्याची साडेतीन दशके आहेत.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या वाचकाला पुण्यातल्या खगोलसंस्थेचा हा तपशील दूरचा वाटू शकेल. तो तसा राहिलेला नाही. वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या आकाराहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो टिपणारे लेझर, असे तिचे स्वरूप आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. इंदूर, गांधीनगर आणि मुंबईच्या संस्थांबरोबर आयुका तिच्यात भागीदार आहे. जागेची निवड, मनुष्यबळ घडवणे आणि संगणकीय विश्लेषण ही कामे प्रामुख्याने आयुकाकडे आहेत. म्हणजे वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सीमेवर देशातले एक सर्वांत मोठे वैज्ञानिक उपकरण येत आहे. त्याने टिपलेली माहिती कोण वापरणार, हा प्रश्न आता या भागातल्या महाविद्यालयांचाही आहे.

मागे जाऊन पाहिले तर सामाईक संगणकाची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आधी स्वतःच टिफ्रॅक हा संगणक बांधला आणि १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र बसवले. ते राष्ट्रीय सुविधा म्हणून चाले. बाहेरच्या संस्थांमधले वैज्ञानिक पंच कार्डांचे गठ्ठे घेऊन येत आणि छापील उत्तरांचे भेंडोळे घेऊन जात. पण तिथवर पोहोचत ते बहुतेक मोठ्या संस्थांमधलेच लोक. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे संशोधन संस्थांत आणि शिकवणे विद्यापीठांत अशी फाळणी झाली. प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि संगणक एकीकडे गेले, विद्यार्थ्यांची गर्दी दुसरीकडे राहिली. ही फाळणी मोडावी म्हणून १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनेक विद्यापीठांनी मिळून वापरायची केंद्रे आयोगाला थेट स्थापता येऊ लागली. दिल्लीचे अणुविज्ञान केंद्र हे त्यातले पहिले. प्रा. यशपाल १९८६ ते १९९१ या काळात आयोगाचे अध्यक्ष होते. स्वतः टाटा संस्थेत घडलेल्या या वैज्ञानिकाला फाळणीच्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. खगोलशास्त्रासाठी असे केंद्र व्हावे हा त्यांचा आग्रह, आणि ते उभारण्याची जबाबदारी त्यांनी जयंत नारळीकरांवर टाकली. नरेश दधीच आणि अजित केंभावी सुरुवातीपासून सोबत होते आणि पुढे दोघेही संचालक झाले.

नारळीकरांच्या डोळ्यांसमोर एक नमुना होता. १९६६ साली फ्रेड हॉईल यांनी केंब्रिजमध्ये सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तेव्हा तिथल्या पहिल्या मंडळींत नारळीकर होते. त्या छोट्या संस्थेकडे स्वतःचा आयबीएम ३६०/४४ संगणक होता आणि उन्हाळ्यात देशोदेशींचे पाहुणे येऊन तिथे काम करत. आयुकाने पाहुण्यांना केंद्रस्थानी ठेवण्याची ही पद्धत घेतली, पण पाहुणे निराळे निवडले. केंब्रिजला येणारे आधीच प्रस्थापित होते. आयुकाच्या सहयोगी योजनेत विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक तीन-तीन वर्षांसाठी नेमले जात. सुट्टीत विद्यार्थ्यांसह पुण्याला यायचे, राहायचे, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे आणि परत गेल्यावरही संपर्क ठेवायचा. गणेशखिंडीतली चार्ल्स कोरिया यांची वास्तू आजही पाहणाऱ्याला थांबवते, पण तिच्यातली सगळ्यांत महत्त्वाची सोय माझ्या मते निवासाची आहे. लांबून येणाऱ्या शिक्षकाला संध्याकाळच्या गाडीची चिंता नसेल तरच तो रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसेल, हे कुणीतरी आराखड्याच्या वेळीच ओळखले होते. नारळीकरांची आणखी एक सवय इथे नोंदवण्यासारखी आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या शाळकरी मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तरासह सही करून देत. प्रश्न कुणाचाही असो, त्याला उत्तर द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता संस्थेच्या स्वभावात उतरला.

त्याच १९८८ साली, आयुका जिथे आहे त्याच पुणे विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक हे प्रगत संगणनाचे केंद्र जन्माला आले. अमेरिकेने क्रे कंपनीचे ताकदवान महासंगणक भारताला देण्यात आडकाठी केली. एक यंत्र मिळाले ते हवामान अंदाजापुरते आणि कडक अटींसह. मग विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली देशी महासंगणकाचे काम हाती घेण्यात आले, तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये देऊन. भटकर मूळचे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे अकोला जिल्ह्याचे. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा होईपर्यंत शिरपूरही त्याच जिल्ह्यात होते. १९९१ साली परम ८००० तयार झाला. एकच महाकाय मेंदू घडवण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाच्या छोट्या संगणक-चिपा मोठ्या संख्येने जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेण्याची ही रचना होती, आणि पुढची सगळी वाटचाल त्याच दिशेने झाली. पण या रचनेची एक अट असते. जुना प्रोग्राम तसाच उचलून तिच्यावर टाकला तर तो एकाच चिपेवर रेंगाळतो. गणित कुठे तोडायचे, कोणता तुकडा कुणाकडे द्यायचा, तुकड्यांनी एकमेकांशी कधी बोलायचे, हे माणसाला ठरवावे लागते. यंत्र जितके वाटून काम करणारे, तितकी वापरणाऱ्याला शिकवणाऱ्याची गरज जास्त. सी-डॅकने १९९८ साली परम १०००० भोवती राष्ट्रीय परम महासंगणन सुविधा उघडली, २००८ साली परम युवा आणला. पण या यंत्रांच्या बातम्यांत जगाच्या यादीतला क्रमांक ठळक छापून येत राहिला आणि वापरणाऱ्याला हात देणाऱ्यांचा उल्लेख कुठे आला नाही. हा दोष एकट्या वर्तमानपत्रांचा नाही. आपण सगळेच यंत्राला पराक्रम मानतो आणि सोबतीला चाकरी.

आयुकाच्या बाबतीत ही सोबत संगणकाच्या क्षेत्रात पहिल्यांदा ठळक दिसली ती आभासी वेधशाळेच्या निमित्ताने. २००० च्या सुमारास जगभरच्या दुर्बिणींची निरीक्षणे अंकीय रूपात साठू लागली होती, पण प्रत्येकाचा साचा वेगळा, ठिकाण वेगळे. ती एका पद्धतीने शोधता आणि ताडून पाहता यावीत म्हणून देशोदेशींच्या प्रकल्पांनी २००२ साली आंतरराष्ट्रीय संघटना केली. भारताच्या वतीने आयुकाने पुण्याच्याच पर्सिस्टंट सिस्टीम्स या कंपनीबरोबर काम केले. त्यातून निघालेले व्हीओप्लॉट हे साधन फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या खगोलीय माहितीकेंद्रानेही आपल्या तारकासूचींना जोडून घेतले. या साधनाचे काम अगदी साधे होते: हजारो ताऱ्यांच्या तक्त्यातले दोन रकाने निवडायचे आणि आलेख काढायचा. मोठ्या संस्थेतला संशोधक असा प्रोग्राम स्वतः लिहून घेतो. स्वतःचा प्रोग्रामर नसलेल्या आणि पाठ्यपुस्तकातली ताऱ्यांची आकृती खऱ्या माहितीवरून वर्गात काढून दाखवावीशी वाटणाऱ्या शिक्षकाला मात्र ते दार होते. आयुकाचा तो प्रयत्न मला तिच्या दुर्बिणीइतकाच मोलाचा वाटतो.

गुरुत्वीय लहरींच्या कामात ही गोष्ट खऱ्या अर्थाने कसाला लागली. आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एका मूलभूत प्रश्नावर काम केले. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत ओळखायचा तर तो कसा असेल याचे नमुने आधी गणिताने काढून ठेवावे लागतात आणि आलेली माहिती एकेका नमुन्याशी जुळवून पाहावी लागते. किती नमुने लागतील, ते किती अंतरावर निवडायचे, हे त्यांनी मांडले. तेव्हा लहर सापडायला वीसहून अधिक वर्षे होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी, सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांचा संकेत टिपला. संकेत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले. नमुना जुळला एवढ्याने भागत नाही. निव्वळ योगायोगाने असे जुळण्याची शक्यता किती, हेही काढावे लागते. त्यासाठी दोन वेधशाळांची माहिती मुद्दाम पुढेमागे सरकवून पुन्हा पुन्हा जुळवली गेली. १६ दिवसांच्या माहितीतून अशा रीतीने ६ लाखांहून अधिक वर्षांच्या निरीक्षणाएवढी पार्श्वभूमी तयार करण्यात आली, आणि असा योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही होणे कठीण, असा निष्कर्ष निघाला.

हे गणित एका यंत्राच्या आवाक्यातले नाही, पण त्याचा एक गुण आहे. एका नमुन्याची जुळवणी दुसऱ्यावर अवलंबून नसते. लाखो छोटी कामे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत पाठवता येतात आणि उत्तरे एका जागी गोळा करता येतात. योगायोग असा की हे वाटप करणारी काँडॉर ही प्रणालीही १९८८ सालचीच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, रिकाम्या पडलेल्या संगणकांना काम देण्यासाठी ती घडली. २००५ पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांची यंत्रे जोडणारे ओपन सायन्स ग्रिड तिच्यावर चालते, आणि आयुकातला सारथी हा संगणकसमूह लायगोच्या कामासाठी अशाच जागतिक जाळ्यात सामील झाला. यंत्राला सारथी हे नाव ज्यांनी दिले, त्यांनी फार नेमके नाव दिले असे मला वाटते.

आता हे जाळे नवख्या संशोधकाला कसे दिसते ते जवळून पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. समजा एका महाविद्यालयातल्या शिक्षिकेने आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला आणि तो नीट चालला. आता तोच प्रोग्राम दहा हजार वेळा वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायचा आहे. ती जाळ्याच्या प्रवेश-यंत्रावर लॉगिन करते आणि कामाची चिठ्ठी लिहिते: कोणता प्रोग्राम, किती मेमरी, किती डिस्क. मेमरीपुढे ४ आणि डिस्कपुढे ४ लिहिते, कारण तिच्या मनात दोन्हीकडे गीगाबाइट आहेत. काँडॉरमध्ये एकक लिहिले नाही तर मेमरीचा आकडा मेगाबाइटमध्ये धरला जातो आणि डिस्कचा किलोबाइटमध्ये. काम सुरू होताच मर्यादा ओलांडते आणि अडकवून ठेवले जाते. ती घाबरून मेमरी २००० गीगाबाइट करते. आता कामे रांगेतच बसतात, तासन् तास, कारण तेवढी मेमरी असलेले यंत्र त्या जाळ्यात कुठेच नाही, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच येत नाही. तेही सुधारले तर तिसरी अडचण येते. लॅपटॉपवर प्रोग्राम शेजारच्या फोल्डरमधली फाईल वाचत होता. दुसऱ्या खंडातल्या यंत्रावर ते फोल्डरच नाही. या तीन अडचणींत खगोलशास्त्र कुठेच नाही आणि बुद्धीचा कसही नाही. माहितगार माणूस शेजारी असेल तर तिन्ही एका बैठकीत सुटतात. तो नसेल तर आठवडा जातो, मग सुट्टी संपते, मग विषयच सुटतो.

याच्याही आधीची पायरी प्रवेशाची. २००० च्या दशकात सी-डॅकने गरुड हे राष्ट्रीय संगणन-जाळे उभारले. १७ शहरांतल्या ४५ संस्था त्यात जोडल्या होत्या. अनोळखी संस्थांनी एकमेकांच्या यंत्रांवर विश्वास ठेवायचा तर ओळख पटवण्याची चोख व्यवस्था हवी, म्हणून सी-डॅकने अंकीय प्रमाणपत्रे देणारे प्राधिकरणही चालवले. व्यवस्था योग्यच होती. पण जगभरच्या ग्रिडमध्ये तेव्हा वापरकर्त्याला हेच करावे लागे: अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचे, प्रमाणपत्र ब्राउझरमधून बाहेर काढायचे, त्याचा साचा बदलायचा, ठरावीक तासांनी संपणारा तात्पुरता परवाना पुन्हा पुन्हा काढायचा. एवढे करून मग गणिताला हात. काही वर्षांनी जगभर ही पद्धत सोपी करण्यात आली, कारण मोठ्या प्रकल्पांतले लोक ती कशीबशी पार करत आणि एकटा संशोधक उंबऱ्यातच थांबे. जाळे किती शहरांत गेले हे नकाशावर दाखवता येते. उंबऱ्यातून परत फिरलेल्यांची नोंद कुठल्याच अहवालात येत नाही, आणि म्हणून या प्रश्नाकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जात नाही.

आयुकाला ही अडचण नोंद न ठेवताही कळली, कारण तिचा पाहुणा तिच्याच आवारात अडखळत होता. म्हणूनच २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट आकाशात गेल्यानंतर इस्रो आणि आयुका यांनी मिळून आयुकात या उपग्रहासाठी साहाय्य कक्ष उघडला. ॲस्ट्रोसॅटवर अतिनील किरणांपासून कठीण क्ष-किरणांपर्यंत टिपणारी वेगवेगळी उपकरणे आहेत आणि प्रत्येकाची माहिती शुद्ध करण्याची रीत वेगळी. निरीक्षणाचा वेळ मागणारा प्रस्ताव कसा लिहायचा, माहिती कुठून उतरवायची, कोणत्या क्रमाने कोणते प्रोग्राम चालवायचे, आलेला आलेख खरा की उपकरणाची करामत, या प्रश्नांना उत्तर देणे हे या कक्षाचे काम. विद्यापीठांत कार्यशाळा घेणे हेही. उपग्रह सोडताना त्याच्या माहितीच्या वापरकर्त्यासाठी स्वतंत्र कक्ष असावा, हा विचार आपल्याकडे रुजायला आयुकाची आधीची पंचवीस वर्षे कारणी लागली, असे मी मानतो. पुढे आदित्य-एल१ या सौर मोहिमेसाठीही असा कक्ष झाला, उत्तराखंडात हल्द्वानीला.

या मांडणीवर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. जो कृष्णविवरांचे गणित करतो त्याला संगणक वापरायला शिकवायला माणूस कशाला? मॅन्युअल आहे, तो वाचेल. मोठ्या संस्थेतल्या संशोधकाबाबत हे काही अंशी खरे आहे, पण तोसुद्धा शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला विचारूनच शिकलेला असतो. त्याला मिळालेले साहाय्य मोजले जात नाही एवढेच. जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला आयोगाच्या नियमानुसार आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. त्याखेरीज परीक्षा, प्रवेश, मूल्यांकनाचे कागद. शेजारच्या खोलीत विचारायला कुणी नाही. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतले वाशीम जिल्ह्यातले महाविद्यालय घ्या किंवा नांदेड विद्यापीठाच्या कक्षेतले हिंगोलीचे, चित्र वेगळे नाही. त्याच्याकडून मॅन्युअल वाचून सगळे शिकण्याची अपेक्षा करणे म्हणजे ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत जास्त वेळ मागणे.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४५०० कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आला, २०२४ साली खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र आला. पैसा मर्यादित आहे, मग तो यंत्रांवर का घालू नये? कारण न वापरलेले आणि चुकीचे वापरलेले यंत्र हाही खर्चच असतो. आजच्या महासंगणकाच्या एका घटकयंत्रात चाळीस-पन्नास कोअर असतात. नवखा वापरकर्ता ते पूर्ण यंत्र मागून घेतो आणि त्याचा प्रोग्राम एकाच कोअरवर चालतो. बाकीचे कोअर वीज खात बसतात आणि रांगेतला दुसरा संशोधक थांबून राहतो. हे रोज घडणारे आहे, आणि एका अनुभवी माणसाने दहा मिनिटे पाहिले तर थांबणारे आहे. मोहिमेने प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कड इथल्या आयआयटींत केंद्रे केली हे चांगलेच झाले. पण वर्गातले प्रशिक्षण आणि अडल्या वेळी मिळणारे उत्तर यांत फरक आहे, आणि वैज्ञानिक अडतो तो प्रशिक्षण संपून तीन महिने झाल्यावर.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि त्यात तथ्यही आहे. आता क्लाऊड भाड्याने मिळते, आणि कामाची चिठ्ठी एआय लिहून देतो. मध्यस्थ माणसाचा काळ संपला. एकक चुकवण्यासारखी चूक एआय खरोखरच पकडेल, आणि ते स्वागतार्ह आहे. पण क्लाऊडवर प्रत्येक चुकीच्या तासाचे बिल येते, आणि ते भरायला महाविद्यालयाकडे लेखाशीर्ष नसते. कोणती सामाईक सुविधा फुकट मिळू शकते, अर्ज कुणाकडे करायचा, आपले काम वाटून करण्याजोगे आहे की एकाच मोठ्या यंत्राला मागणारे आहे, माहिती आधीच कुठल्या केंद्रात आहे जेणेकरून ती दुसरीकडे ओढावी लागणार नाही, यांची उत्तरे त्या त्या ठिकाणच्या व्यवहारात असतात. शिवाय अनोळखी शिक्षकाच्या अर्जाला कुणीतरी आपले वजन लावावे लागते. ते वजन आयुका तिच्या सहयोग्यांना देत आली.

राहिला तो आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेची उपकरणे अपुरी आहेत तिथे महासंगणकाची भाषा करणे म्हणजे चैन नव्हे काय? उलट आहे. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा गावात उभारावी लागते. हे एकच साधन असे आहे की ते गावात असण्याची गरज नाही. लायगोच्या शोधांची माहिती खुल्या संकेतस्थळावर ठेवली जाते, ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणेही ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात, आणि २०१० साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने विद्यापीठे वेगवान तारांनी जोडली. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट असलेल्या विद्यार्थिनीला आज कच्चा माल पुण्याच्या विद्यार्थ्याइतकाच उपलब्ध आहे. तिच्याकडे जे नाही ते म्हणजे विचारायला माणूस. त्याचा खर्च एका प्रयोगशाळेच्या खर्चाहून कितीतरी कमी आहे. पण तो दरवर्षी, पगाराच्या रूपात करावा लागतो, आणि आपल्या अंदाजपत्रकांना एकदाच होणारा खर्च अधिक सोपा वाटतो.

अमेरिकेत २००८ पासून कॅम्पस चॅम्पियन नावाची पद्धत आहे. सहभागी विद्यापीठातली एखादी व्यक्ती राष्ट्रीय संगणन सुविधांची माहितगार म्हणून नेमली जाते, तिला थोडा यंत्रवेळ वाटायला मिळतो आणि अडलेले काम ती पुढे केंद्राकडे नेते. आपल्याकडे याचा सांगाडा तयार आहे. आयुकाने निरनिराळ्या विद्यापीठांत आपली संशोधन आणि विकास केंद्रे काढली आहेत, सहयोगी शिक्षकांचे जाळे साडेतीन दशकांचे आहे, आणि २००९ साली स्थापन झालेल्या इंडिगो या संघाने गुरुत्वीय लहरींचे काम करणाऱ्यांना देशभरातून एकत्र आणले आहे. उणीव आहे ती या कामाला पदाचा दर्जा देण्याची. संगणकाच्या रांगेत अडकलेले काम सोडवणाऱ्या माणसाचे नाव शोधनिबंधाच्या शेवटी आभारात येते. त्याची बढती निबंधांवर मोजली तर तो वर सरकत नाही, आणि पुण्यात चांगला संगणकतज्ज्ञ सोडून जायला हिंजवडीपेक्षा लांब जावे लागत नाही. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या संशोधनाबद्दल आणि विज्ञानकथांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यांनी घडवलेल्या संस्थेतल्या या अनामिक मंडळींची यादी मात्र अजून कुणी केलेली नाही. संस्थेच्या पुढच्या स्मरणिकेत ती यावी. औंढ्याला वेधशाळेच्या पदांचा आराखडा होईल तेव्हा लेझर, निर्वात नळ्या आणि कंपनरोधकांच्या अभियंत्यांसोबत वापरकर्त्यांच्या साहाय्यासाठी काही कायम पदे त्यात असावीत. त्या पदांवरच्या लोकांनी वाशीम, हिंगोली, नांदेड, अकोला इथल्या महाविद्यालयांत सत्राच्या सुरुवातीलाच जावे, कारण पदव्युत्तर प्रकल्पांचे विषय त्याच वेळी ठरतात.